श्राव्य माध्यमातून विज्ञानप्रसार

शास्त्रज्ञ व अभियंते यांनी आपल्या संशोधनाची पद्धती, निष्कर्ष आणि मर्यादा सर्वसामान्य श्रोत्यांना केवळ आवाजाच्या द्वारे समजावून देणे, यास श्राव्य माध्यमातून होणारा विज्ञानप्रसार म्हणता येईल. नभोवाणीवरील भाषणे, मुलाखती व मालिका आणि २००४ नंतर रूढ झालेले पॉडकास्ट हे त्याचे प्रमुख प्रकार होत. पॉडकास्ट म्हणजे आंतरजालावर क्रमाने प्रसिद्ध होणारी आणि भ्रमणध्वनीवर उतरवून घेऊन सवडीने ऐकता येणारी ध्वनिमालिका. नभोवाणीचा कार्यक्रम ठरलेल्या वेळीच ऐकावा लागतो व निसटला की निसटतो. पॉडकास्टचा भाग थांबवता येतो, मागे नेता येतो आणि न कळलेले वाक्य पुन्हा ऐकता येते. या माध्यमाचे दुसरे वैशिष्ट्य असे, की संशोधक आणि श्रोता यांच्यामध्ये वृत्तपत्रातील बातमीदार किंवा पाठ्यपुस्तकाचा लेखक असण्याची गरज राहत नाही. ज्याने काम केले तोच बोलतो, आणि त्याचा खात्रीचा स्वर व साशंक स्वर श्रोत्याला वेगवेगळे ओळखता येतात.

मराठीतील विज्ञानप्रसाराची परंपरा प्रामुख्याने छापील आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे दिग्दर्शन (१८४०), पुण्याचे सृष्टिज्ञान (१९२८) आणि मराठी विज्ञान परिषदेचे (स्थापना १९६६) प्रकाशनकार्य ही तिची ठळक स्थाने होत. १९२७ मध्ये मुंबईहून नियमित नभोवाणी प्रक्षेपण सुरू झाले, तरी विज्ञानाला तीत हक्काची जागा मिळण्यास बराच काळ जावा लागला.

परदेशांत मात्र नामवंत शास्त्रज्ञ या माध्यमाकडे लवकर वळले. त्यातील एक प्रसंग मराठी वाचकाला दूरान्वयाने जवळचा आहे. २८ मार्च १९४९ रोजी ब्रिटिश नभोवाणीवर बोलताना फ्रेड हॉइल यांनी, विश्व एका विशिष्ट क्षणी उत्पन्न झाले या आपल्याला अमान्य असलेल्या कल्पनेसाठी 'बिग बँग' हा शब्दप्रयोग केला. ऐकणाऱ्यापुढे आकृती नसते, म्हणून त्याच्या मनात चित्र उभे करणारा शब्द हवा, एवढाच त्यामागील हेतू होता, असा खुलासा त्यांनी नंतर केला. भाषणाच्या सोयीसाठी वापरलेला हा शब्द पुढे साऱ्या विश्वोत्पत्तिशास्त्राचे बोधचिन्ह होऊन बसला. याच हॉइल यांचे केंब्रिज येथील शिष्य जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) यांनी पुढे मराठीत विज्ञान सांगण्याचा वसा घेतला. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना स्वाक्षरी न देता, पोस्टकार्डावर विज्ञानातील एखादा प्रश्न पाठव, मी स्वाक्षरीसह उत्तर पाठवीन, असे ते सांगत. ही पोस्टकार्डाची युक्ती वरवर किरकोळ वाटली, तरी श्राव्य माध्यमाच्या यशापयशाचे मर्म तिच्यात आहे.

हे मर्म १९५६ साली पुणे आकाशवाणी केंद्राच्या एका प्रयोगात स्पष्ट झाले होते. युनेस्कोच्या साहाय्याने तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच मराठी भाषिक जिल्ह्यांतील सुमारे १५० खेड्यांत ग्रामीण श्रोतृमंडळे स्थापन करण्यात आली. आठवड्यातून दोन वेळा प्रक्षेपित होणारा अर्ध्या तासाचा कार्यक्रम गावातील निवडक मंडळी एकत्र बसून ऐकत, ऐकून झाल्यावर चर्चा करीत आणि मंडळाचा कार्यवाह त्यांच्या शंका लिहून केंद्राकडे पाठवी. पुढील कार्यक्रमांत त्यांची उत्तरे दिली जात. दहा आठवड्यांत असे वीस कार्यक्रम झाले. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे समाजशास्त्रज्ञ पॉल नॉयराथ यांनी केलेल्या मूल्यमापनात श्रोतृमंडळे असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली गावे व रेडिओही नसलेली गावे यांची तुलना करण्यात आली. मंडळे असलेल्या गावांत ज्ञानाची वाढ लक्षणीय आढळली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारच थोडी होती. म्हणजे गावात नुसता आवाज पोहोचून भागत नाही. गावातून प्रश्न परत यावा लागतो.

हा धडा पुढे अर्धवटच आचरणात आला. १९६६ पासून आकाशवाणीच्या निवडक केंद्रांवर शेती व गृह विभाग सुरू झाले आणि कृषिशास्त्रज्ञांचा आवाज शेतापर्यंत पोहोचू लागला. तमिळनाडूतील तंजावर भागात भाताच्या एका सुधारित वाणाला शेतकरी 'रेडिओ भात' म्हणू लागले, यावरून या माध्यमाचे सामर्थ्य कळून येते. १९९१ पासून 'मानवाचा विकास' ही १४४ भागांची विज्ञानमालिका मराठीसह अनेक भारतीय भाषांतून आकाशवाणीने प्रक्षेपित केली. तिच्यासाठी शाळकरी श्रोत्यांची नोंदणी करण्यात आली होती. तथापि पुण्याच्या प्रयोगातील नियमित शंकासमाधानाची शिस्त सर्वत्र टिकली नाही.

पॉडकास्टची तांत्रिक बाजू सोपी आहे. मनुष्याच्या कानाला जे सूक्ष्म ध्वनिघटक जाणवत नाहीत ते गाळून ध्वनिमुद्रण संक्षिप्त केले जाते. नुसते बोलणे असेल, तर सेकंदाला ६४ हजार बिट इतका वेग पुरतो व अर्ध्या तासाचा भाग १४–१५ मेगाबाइटमध्ये मावतो. चलचित्राला याच्या अनेक पट जागा लागते. संच क्षीण असलेल्या भागात हा फरक निर्णायक ठरतो. प्रत्येक नव्या भागाची नोंद एका सूचीत होते व श्रोत्याच्या भ्रमणध्वनीवरील आज्ञावली ती सूची वाचून भाग आपोआप उतरवून घेते. ऐकताना हात व डोळे मोकळे राहतात, हा गुण शेतकरी, वाहनचालक व घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांच्या दृष्टीने मोठा आहे. संशोधकांनी स्वतः चालविलेल्या पॉडकास्टांमध्ये पामेला गे व फ्रेझर केन यांची खगोलशास्त्रविषयक मालिका (२००६) आणि कोलंबिया विद्यापीठातील विषाणुशास्त्रज्ञ व्हिन्सेंट रॅकॅनिएलो यांनी २००८ मध्ये सुरू केलेली विषाणूंवरील मालिका या उल्लेखनीय होत. दुसरीत तज्ज्ञ मंडळी आपसांत गप्पा माराव्यात तशी नवे शोधनिबंध चर्चेला घेतात व श्रोत्यांच्या पत्रांना उत्तरे देतात. २०२० मधील करोना साथीच्या वेळी तिचा श्रोतृवर्ग फार वाढला.

हिंगोली जिल्ह्यातील स्थिती : मराठवाड्यात या विषयाला वेगळे वजन प्राप्त झाले आहे. वसमत तालुक्यातील हट्टा या गावाचा परिसर उदाहरणादाखल घेता येईल. १९९९ पूर्वी हा भाग परभणी जिल्ह्यात होता. परभणी येथे कृषी विद्यापीठ (स्थापना १९७२) व आकाशवाणी केंद्रही आहे. त्यामुळे तज्ज्ञाने बोलावे व शेतकऱ्याने ऐकावे, ही गोष्ट येथे नवीन नाही. नवीन आहेत ते प्रश्न, आणि ते दोन्ही योगायोगाने कंपनांशी व आवाजाशी निगडित आहेत.

पहिला प्रश्न आकाशाचा आहे. याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय तरंगांची वेधशाळा उभारण्यास केंद्र शासनाने २०१६ मध्ये तत्त्वतः व एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास अंतिम मान्यता दिली. पुण्याचे आयुका हे खगोलशास्त्र केंद्र, इंदूर व गांधीनगर येथील संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाची बांधकाम शाखा हे काम पाहतात. काटकोनात असलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्यांतून लेसर किरण जाऊन परत येतात. गुरुत्वीय तरंग आल्यास या भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या काही सहस्रांश इतका फरक पडतो व तो मोजावयाचा असतो. जमीन शक्य तितकी शांत हवी, म्हणून जागेची निवड काटेकोरपणे करावी लागते.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन वेधशाळांनी पहिला तरंग टिपला. सूर्याच्या सुमारे ३६ व २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाल्याने तो उत्पन्न झाला होता. त्याची कंप्रता (दर सेकंदास होणारी कंपनसंख्या) सुमारे ०·२ सेकंदात ३५ वरून २५० पर्यंत चढत गेली. ही मर्यादा मानवी कानाच्या टापूत येत असल्याने शास्त्रज्ञांनी या नोंदीचे ध्वनीत रूपांतर केले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये शोध जाहीर करताना ते सर्वांना ऐकविले. प्रथम एक खोल धप्प असा आवाज आणि, स्वर चढवून ऐकविल्यावर, पाखराने एकदाच चिवकावे तसा. श्राव्य माध्यमाला याहून अनुकूल शोध क्वचितच लाभला असेल. मात्र येथेच काळजी घ्यावी लागते. अवकाशातून ध्वनी आला, असे म्हणणे सर्वस्वी चूक आहे. निर्वात पोकळीतून ध्वनी प्रवास करीत नाही. तो आवाज म्हणजे मोजलेल्या आकड्यांना कानासाठी दिलेले रूप होय. हे एक वाक्य अनेक निवेदक गाळतात आणि श्रोत्याच्या मनात एक चुकीची समजूत कायमची घर करते.

दुसरा प्रश्न जमिनीचा आहे. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे व भोवतालच्या गावांत गेल्या काही वर्षांत जमिनीतून गूढ आवाज येत असल्याच्या तक्रारी वारंवार झाल्या. २१ मार्च २०२४ व १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४·५ परिमाणाचे भूकंप होऊन त्यांचे धक्के परभणी व नांदेड जिल्ह्यांतही जाणवले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जवळपास दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यामुळे येथे जमिनीतून आवाज आला की माणसे घराबाहेर झोपतात, यात नवल नाही. उथळ खोलीवर होणाऱ्या सूक्ष्म भूकंपाच्या अनुदैर्घ्य तरंगांचा काही भाग पृष्ठभागातून हवेत शिरतो व गडगडाटासारखा ऐकू येतो, हे भूकंपविज्ञानाला ठाऊक आहे. पण ग्रामस्थाचा प्रश्न निराळा असतो. मोठा धक्का बसणार काय, हे त्याला हवे असते, आणि भूकंपाचे निश्चित भाकीत आज कोणालाही करता येत नाही.

अशा वेळी काय बोलावे व काय बोलू नये, याचे कठोर उदाहरण इटलीतील लाक्विला शहराने घालून दिले. तेथे काही महिने लहान लहान धक्के बसत होते. ऊर्जा थोडी थोडी मोकळी होत असल्याने परिस्थिती अनुकूलच आहे, असे एका जबाबदार अधिकाऱ्याने मुलाखतीत सांगितले. ६ एप्रिल २००९ च्या पहाटे झालेल्या भूकंपात तीनशेहून अधिक लोक मरण पावले. २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञ व तो अधिकारी यांना न्यायालयाने दोषी ठरविले. शास्त्रज्ञांची २०१४ मध्ये अपिलात मुक्तता झाली व अधिकाऱ्याची शिक्षा कमी करण्यात आली. लोकांना धीर देणे आणि लोकांना माहिती देणे ही दोन कामे वेगळी आहेत आणि ध्वनिक्षेपकापुढे ती सहज मिसळतात. पुढे काय होईल ते सांगता येत नाही. घराची दगडमातीची भिंत कशी बांधून घ्यावी आणि धक्का बसताच काय करावे, ते मात्र सांगता येते. प्रस्तुत लेखकाच्या मते या क्रमाने बोलणे हेच प्रामाणिकपणाचे होय.

लायगोविषयीही ग्रामस्थाला पडणारे स्वाभाविक प्रश्न कृष्णविवरांचे नसतात. या यंत्रामुळे जमीन हादरेल काय, विहिरीचे पाणी जाईल काय, किरण बाहेर पडतील काय, असे ते असतात. वेधशाळा जमिनीत काही सोडत नाही, केवळ टिपते, आणि लेसर बंद नळीतच राहतो, हे दोन वाक्यांत सांगण्याजोगे आहे. पण ते वेळेवर व ओळखीच्या आवाजात सांगितले गेले पाहिजे. तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात २०१५ मध्ये मंजूर झालेली न्यूट्रिनो वेधशाळा स्थानिक विरोध व न्यायालयीन वाद यांत अडकून पडली. पर्यावरणाचे खरे आक्षेपही त्यामागे होते. परंतु न्यूट्रिनो कणांविषयीची निराधार भीती दूर करण्यास शास्त्रज्ञ उशिरा पोहोचले, हेही नाकारता येत नाही. हिंगोलीत आयुकाच्या लोकसंपर्क विभागाने शाळांशी आधीच संबंध जोडला, ही जमेची बाजू आहे.

भाषेची अडचण बहुधा दुर्लक्षित राहते. छापील लेखात 'गुरुत्वीय तरंग' वाचताना वाचक थांबून विचार करू शकतो. कानावर पडलेला अपरिचित शब्द मात्र पुढची चार वाक्ये झाकोळून टाकतो. म्हणून बोलताना प्रथम 'लहर' म्हणावे, तळ्यातल्या दगडाची उपमा द्यावी, तिच्या मर्यादाही सांगाव्यात आणि मग परिभाषेकडे यावे. आकडे एका वेळी एकच द्यावेत. शिवाय या जिल्ह्यात तांड्यांवर गोरमाटी व अनेक घरांतून दखनी बोलली जाते. पुणेरी वळणाच्या मराठीत केलेले निवेदन तेथे परकेच वाटते. वसमतच्या बाजारात हळदीच्या भावाची चर्चा ज्या बोलीत होते, तीत भूकंपाची चर्चा होऊ शकत नाही, असे मानण्याचे कारण नाही.

पॉडकास्टची सर्वांत मोठी उणीव मात्र १९५६ च्या प्रयोगाशी ताडून पाहिली असता ध्यानात येते. श्रोता एकटा, कानात यंत्र घालून ऐकतो; त्याचा प्रश्न त्याच्याजवळच राहतो. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, शाळेत किंवा बचत गटाच्या बैठकीत एक भाग सर्वांनी मिळून ऐकावा, शंका भ्रमणध्वनीवर मुद्रित करून पाठवाव्यात व पुढील भागाचा आरंभ त्यांच्या उत्तरांनी व्हावा, ही व्यवस्था आज जवळजवळ फुकट उभारता येईल. कार्यवाहाचे पोस्टकार्ड पुण्याला पोहोचण्यास त्या काळी लागत त्याहून फार कमी वेळ हिला लागेल.

ध्वनिमुद्रणाबरोबर त्याची लिखित संहिता जतन करणेही आवश्यक आहे. श्रवणक्षीण वाचकांची सोय तीमुळे होतेच. शिवाय ज्या संगणकावर ध्वनिमालिका ठेवलेली असते त्याचे भाडे थकले, की ती नाहीशी होते. नभोवाणीच्या काळातील विज्ञानविषयक भाषणांपैकी बरीचशी अशीच हवेत विरून गेली. हॉइल यांचे १९४९ चे भाषण अभ्यासकांना शब्दशः उपलब्ध झाले, ते द लिसनर या साप्ताहिकाने ते लगेच छापले म्हणून.