गवतातले कुसळ घोड्याच्या तोंडात

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, ही म्हण शहरी माणसाच्याही ओठांवर असते. मात्र कुसळ कसे असते, हे पाहायचे तर पावसाळा सरताना शिरूर किंवा दौंड तालुक्यातील एखाद्या माळरानावर चक्कर मारायला हवी. थोडे चालून आले की कपड्यांना शेकडो टोकदार काड्या चिकटलेल्या दिसतात. कुसळी नावाच्या गवताचे हे पिकलेले बी. माणूस ते उपटून टाकतो. घोड्याच्या हिरडीत ते रुतले तर त्याला ते काढता येत नाही आणि सांगताही येत नाही.

भीमा आणि घोड या नद्यांच्या काठचा हा प्रदेश घोड्यांना नवा नाही. शिरूर तालुक्यातील 'आलेगाव पागा' या गावाच्या नावातच पागा आहे. मराठ्यांच्या घोडदळात नावाजलेले, अंगाने लहान पण काटक असे घोडे भीमथडीचे, म्हणजे भीमेच्या काठचे, म्हणून ओळखले गेले. या भीमथडी घोड्याची देशी जात म्हणून कर्नाल येथील राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे २०२३ साली नोंद झाली. आज हे घोडे प्रामुख्याने धनगर कुटुंबांकडे आढळतात. भटकंतीत बिऱ्हाड वाहून नेण्याचे काम ते करतात. याशिवाय बैलगाडा शर्यतींच्या घाटात बैलांच्या पुढे घोडी पळवण्याची या भागात प्रथा आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवला. तेव्हापासून घाट पुन्हा गजबजले आणि दावणीच्या घोडीचे महत्त्वही वाढले. दावणीच्या घोडीपुढे येणाऱ्या चाऱ्यात काय असते, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरतो.

चरताना निवड, दावणीला सक्ती

गाय जिभेने गवताचा घास ओढून घेते, फारसे न चावता गिळते आणि नंतर निवांत रवंथ करते. घोड्याची रीत वेगळी आहे. त्याचा वरचा ओठ अतिशय संवेदनशील व हालता असतो. या ओठाने तो काडी न् काडी चाचपतो, काटेरी किंवा कडू वनस्पती बाजूला सारतो आणि हवे तेवढेच दातांनी तोडतो. त्यामुळे मोकळ्या माळावर पोटभर चारा असेल, तर काटेरी तणाने घोड्याला सहसा इजा होत नाही.

अडचण सुरू होते ती गवत कापून, वाळवून, भारे बांधून गव्हाणीत टाकल्यावर. हिरवेपणी वेगळे ओळखू येणारे तण वाळल्यावर गवतासारखेच पिवळट दिसते. भाऱ्यात ते गवताशी एकजीव होते. त्यातच कडबा कुट्टी यंत्रातून चारा काढला, की काट्याचे बारीक तुकडे सगळ्या चाऱ्यात पसरतात आणि ओठाने निवडून बाजूला सारण्यासारखे काही उरत नाही. दावणीचा जनावर भुकेला असतो आणि समोर दुसरा पर्याय नसतो. शिरूर आणि दौंडचा बराचसा भाग पर्जन्यछायेत येतो. टंचाईच्या वर्षी चारा मिळणे हेच मुश्कील होते. मग मिळेल तो भारा विकत घेतला जातो आणि पाहून घेण्याची सवड राहत नाही.

कुसळ, सराटा आणि इतर

कुसळी हे मुळात वाईट गवत नव्हे. बी धरण्यापूर्वी कापले तर जनावरे ते आवडीने खातात. बी पिकल्यावर मात्र त्याला अणकुचीदार टोक आणि लांब, पीळ असलेली शेपटी येते. ही शेपटी ओल लागली की उलगडते, वाळली की पुन्हा पिळली जाते. या हालचालीने बी जमिनीत स्क्रूसारखे शिरते. घोड्याच्या ओलसर तोंडात ते हिरडीत किंवा जिभेखालच्या मऊ भागात रुतते. टोकाजवळचे उलटे केस त्याला मागे येऊ देत नाहीत.

सराट्याचे फळ कडक काट्यांचे असते. ते तोंडाला टोचतेच, शिवाय गोठ्यात सांडले तर खुराच्या तळालाही. कुत्र्याच्या शेपटीसारखे तुरे येणाऱ्या गवतांचे बारीक राठ केसही ओठांच्या आत जखमा करतात. उंटकटारीची काटेरी बोंडे वाळली तरी मऊ होत नाहीत.

काही तणांत काट्याबरोबर विषही असते. पिवळा धोत्रा त्यांपैकी एक. त्याच्या बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले गेल्याने १९९८ साली दिल्लीत जलशोथाची साथ येऊन माणसे दगावली होती. शंकेश्वर, ज्याला काही ठिकाणी गोखरूही म्हणतात, त्याच्या काटेरी फळांतील बी आणि कोवळी रोपे यकृताला घातक असतात. सराट्यालाही गोखरू म्हणण्याची पद्धत असल्याने केवळ नावावरून निर्धास्त होणे योग्य नाही.

लाळ गळते, पण लाळ्या नव्हे

तोंडात जखम झालेल्या घोड्याची लक्षणे ठळक असतात. लाळ गळते, अर्धवट चावलेल्या गवताचे गोळे तोंडातून खाली पडतात, तोंडाला दुर्गंधी येते. एरवी शांत असलेले जनावर लगाम घालू देत नाही. लाळ पाहून अनेकदा लाळ्या-खुरकताची शंका घेतली जाते. मात्र तो रोग दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांना, म्हणजे गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांना होतो. एकसंध खुराच्या घोड्याला तो होत नाही.

लाळ गळण्याचे दुसरे कारण मात्र अधिक गंभीर असू शकते. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने घोड्यालाही रेबीज होतो आणि त्यातही लाळ गळते. म्हणूनच काटा शोधण्यासाठी उघडा हात तोंडात घालणे धोक्याचे आहे. ते काम पशुवैद्यकावर सोपवावे. त्यासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक उपलब्ध आहे.

दुखण्याकडे दुर्लक्ष केले तर प्रकरण तोंडापुरते राहत नाही. चावताना वेदना होतात म्हणून घोडा घास नीट न चावता गिळतो. चावल्याशिवाय त्याची लाळ पुरेशी सुटत नाही. कोरडा, जाडाभरडा चारा अन्ननलिकेत अडकतो किंवा आतड्यात साचून पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी होत नसल्याने पोटातले बाहेर टाकण्याचा मार्गच नसतो. पोटशूळाने घोडा काही तासांतही दगावू शकतो.

उपाय विळ्यापासून

यावरचा मुख्य उपाय औषधात नसून कापणीच्या वेळेत आहे. गवत फुलोऱ्यात असताना, बी पिकण्याआधी कापले तर कुसळाचा प्रश्न बहुतांशी उरत नाही. शिवाय त्या अवस्थेत गवतातील प्रथिनेही अधिक असतात. वजन वाढेल या आशेने कापणी लांबवली, तर भारा वाढतो आणि चाऱ्याचा कस घटतो. कापण्यापूर्वी बांधावरचे सराटे, धोत्रा, शंकेश्वर उपटून वेगळे टाकावेत.

चारा विकत घेणाऱ्याने एखादा भारा सोडून ताडपत्रीवर झटकून पाहावा. खाली कुसळे, काटे, बोंडे पडली तर तो चारा घोड्यासाठी घेऊ नये. जे हाताला टोचते ते हिरडीलाही टोचणार, हा साधा नियम. घोड्याला शक्यतो लांब गवत किंवा कडबा द्यावा, म्हणजे त्याच्या ओठाला निवडीची संधी राहते. गव्हाण डोक्याच्या वर नसावी, कारण वरून पडणारे कुसळ डोळ्यात जाऊन बुबुळाला जखम होऊ शकते. साधारण २५० किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला सुमारे ५ किलो सुका चारा लागतो. तेवढा चाळून, झटकून पाहायला फार वेळ लागत नाही.

जखम झालीच तर तो चारा तत्काळ बंद करून हिरवा लसूणघास, हरळी किंवा भिजवलेला कोंडा द्यावा. रुतलेली कुसळे निघाली आणि तोच चारा पुन्हा पुढे आला नाही, तर तोंडातील जखमा साधारण एक-दोन आठवड्यांत भरून येतात. भारा तोच राहिला, तर जखमाही राहतात.