पोर्तुगालची क्रांती आणि दमणचे सरकार

खडोली गाव ज्या नगर हवेली परगण्यात येते, तो परगणा पोर्तुगिजांना लढाईत मिळालेला नव्हता. मराठी आरमाराने ‘सांताना’ हे पोर्तुगीज जहाज पकडले, त्याच्या भरपाईपोटी 1779 च्या तहानुसार या परगण्याचा महसूल पोर्तुगिजांकडे गेला. प्रत्यक्ष ताबा 1783 मध्ये मिळाला आणि परगणा दमणला जोडला गेला. त्यामुळे युरोपातल्या राजकीय वादळांचे धक्के इथवर येणे क्रमप्राप्त होते.

1820 मध्ये पोर्तो शहरात उदारमतवाद्यांनी उठाव करून राजाला राज्यघटना मान्य करायला लावली. ही बातमी पोहोचताच सप्टेंबर 1821 मध्ये, दमणचाही कारभार जिथून चाले त्या गोव्यात, व्हाइसरॉयला पदच्युत करण्यात आले. पुढे पोर्तुगालच्या राजघराण्यातच यादवी झाली. 1834 मध्ये उदारमतवादी जिंकले आणि बर्नार्दो पेरिश द सिल्व्हा या गोमंतकीयाची प्रीफेक्ट, म्हणजे मुख्य प्रशासक, म्हणून नेमणूक झाली. वसाहतीतला माणूस त्याच वसाहतीचा प्रमुख, ही त्या काळी अपूर्वच गोष्ट. जानेवारी 1835 मध्ये त्यांनी सूत्रे घेतली, पण सैन्यातल्या विरोधकांनी तीन आठवड्यांच्या आतच त्यांना हाकलले. मे महिन्यात पणजीजवळच्या गास्पार दियश किल्ल्यात त्यांच्या समर्थक सैनिकांची कत्तल झाली.

पेरिश द सिल्व्हा मुंबईमार्गे दमणला गेले. दमण आणि दीव त्यांच्या बाजूने राहिले. गोव्यात विरोधकांची सत्ता असताना त्यांचे सरकार 1837 पर्यंत दमणमधून चालले. नगर हवेली तेव्हा दमणच्याच अखत्यारीत होती.