कोरियन भाषेंतील नित्याचे शब्द

परकी भाषा शिकूं लागणाऱ्या माणसाला प्रथम शब्दांची भूक लागते. पाणी, घर, आई, बाजार, किती, कोठें, असे शंभर-दोनशें शब्द पाठ झाले म्हणजे आपलें काम भागेल, अशी त्याची समजूत असते. कोरियन भाषेंत एवढ्यानें भागत नाहीं. तेथें शब्दाचा अर्थ जाणणें हें अर्धेंच काम. तो कोणीं, कोणापुढें उच्चारावयाचा हें कळलें म्हणजे उरलेलें अर्धें पुरें होतें. आज पुण्याजवळ रांजणगांवच्या औद्योगिक वसाहतींत कोरियन मालकीचा कारखाना आहे, आणि कोरियन नाट्यमालिका मराठी तरुण मंडळी आवडीनें पाहतात. तेव्हां या भाषेंतील नित्याचे शब्द कोणते व ते कसे वापरावे, याचा थोडा विचार श्रोत्यांस उपयोगी पडेल.

आरंभ उच्चारापासून करावा. प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांतील भेद मराठी माणसाला बाळपणापासून ठाऊक असतो. ही त्याची जमेची बाजू होय. परंतु कोरियन भाषेंत तिसराहि एक वर्ण असतो. तो घसा आवळून, श्वास न सोडतां, जोरानें उच्चारितात. चंद्राला 'दाल' म्हणतात, मुखवट्याला 'थाल' आणि लेकीला 'त्ताल'. यांतील पहिला वर्ण शब्दाच्या आरंभीं द आणि त यांच्या मधोमध कोठेंतरी ऐकूं येतो. हे तीन शब्द निरनिराळे उच्चारतां येईपर्यंत पुढें जाण्याची घाई करूं नये; नाहींतर विचारावें लेकीविषयीं आणि उत्तर मिळावें चंद्राविषयीं, असा प्रसंग यावयाचा.

भेटीचा पहिला शब्द 'आन्न्यॉंग-हासेयो' हा होय. 'आन्न्यॉंग' म्हणजे क्षेम. तेव्हां एकंदर अर्थ 'क्षेम आहे ना?' असा होतो. सकाळ असो वा रात्र, हा एकच शब्द चालतो. निरोप घेतांना मात्र दोन शब्द लागतात. मागें राहणारा जाणाऱ्याला 'आन्न्यॉंगही गासेयो', म्हणजे 'क्षेमानें जा', असें म्हणतो. जाणारा राहणाऱ्याला 'आन्न्यॉंगही गेसेयो', म्हणजे 'क्षेमानें राहा', असें म्हणतो. दोघेहि एकाच वेळीं निघाले तर दोघांनींहि 'गासेयो' म्हणावें. आभार मानण्यास 'गाम्साहाम्निदा' आणि क्षमा मागण्यास 'ज्वेसोंगहाम्निदा' हे शब्द वडील माणसांपुढें व अनोळखी माणसांपुढें निर्धास्तपणें वापरावे. 'ने' हा होकार आणि 'आनियो' हा नकार. 'ने' हा शब्द मराठी कानाला नकारासारखा वाटतो, म्हणून पहिले कांहीं दिवस जपून असावें.

भोजनाचा मुख्य शब्द 'बाप' हा आहे. मराठी माणसाला तो कधीं 'बाप' तर कधीं 'पाप' असा ऐकूं येईल. हे दोन्ही अर्थ मनांतून काढून टाकावे. 'बाप' म्हणजे शिजलेला भात, आणि त्यावरूनच एकंदर जेवण. शेतांत उभें असलेलें पीक 'ब्यॉ', सडलेले तांदूळ 'स्साल' आणि पानांत वाढलेला 'बाप'. कोंकणांतील माणसाला यांत नवल वाटणार नाहीं, कारण तांदूळ आणि भात हा भेद त्याच्याहि बोलण्यांत आहेच. 'स्साल' आणि आपली 'साळ' यांतील साम्य पाहून मात्र दोन भाषांचें नातें जोडावयास धांवूं नये; नुसत्या ध्वनिसाम्यावरून नातें सिद्ध होत नाहीं. ओळखीचीं माणसें भेटलीं म्हणजे 'बाप मॉगॉस्सॉयो?' म्हणजे 'जेवलात का?' असें विचारितात. तें आमंत्रण नसतें. आपुलकीची विचारपूस असते.

यापुढें खरी कसोटी लागते. आजोबांना 'बाप' झाला का असें विचारतां येत नाहीं. त्यांच्या जेवणाला 'जिन्जी' म्हणावें लागतें. सामान्य माणसाचें नांव तें 'इरुम', थोरांचें नांव 'सॉंगहाम'. मुलाचें वय तें 'नाई', वडील माणसाचें 'यॉन्से'. स्वतःस 'ना' म्हणतात, परंतु थोरांपुढें नम्रतेनें 'जॉ' म्हणावें लागतें. 'तुम्ही' या अर्थीं कोशांत 'दांगशिन' हा शब्द सांपडतो. नवशिका तो मोठ्या हौसेनें वापरतो, आणि समोरच्या माणसाचा चेहरा उतरतो. तो शब्द पतिपत्नी एकमेकांस उद्देशून वापरितात. परक्या माणसानें उच्चारिला तर त्याला भांडणाचा वास येतो. म्हणून सर्वनाम टाळून माणसाचें पद घ्यावें व त्याला 'निम' हा आदराचा प्रत्यय लावावा. शिक्षकांना 'सॉन्सेंगनिम' म्हणावें, म्हणजे चूक होत नाहीं.

नात्यांच्या शब्दांत तर बोलणारा पुरुष कीं स्त्री हेंहि पाहावें लागतें. मुलगा थोरल्या भावाला 'ह्यॉंग' म्हणतो, मुलगी 'ओप्पा' म्हणते. थोरली बहीण मुलाची 'नूना', तर मुलीची 'ऑन्नी'. धाकटें भावंड दोघांचेंहि 'दोंगसेंग'. आईला 'ऑमॉनी' आणि वडिलांना 'आबॉजी' म्हणतात. ओळख वाढली म्हणजे हींच थोरल्या भावंडांचीं नांवें रक्ताचें नातें नसलेल्या मित्रमैत्रिणींसहि लाविलीं जातात. पहिल्याच भेटींत कोरियन माणूस वय विचारतो, तें यामुळेंच. त्यांत भोचकपणा नसतो; कोणता शब्द वापरावा हें त्याला ठरवावयाचें असतें. पूर्वीं तेथें जन्मतांच मुलाला एक वर्षाचें धरीत आणि प्रत्येक नववर्षदिनीं सर्वांचेंच वय एकानें वाढे. दक्षिण कोरियानें जून २०२३ पासून कायद्याच्या व्यवहारांत वाढदिवसापासून वय मोजण्याची रीत एकसारखी लागू केली.

आणखी एक गोड शब्द 'उरी', म्हणजे 'आमचें'. घर एकट्याचें असलें तरी तें 'उरी जिप', आणि आई एकुलत्या एकाची असली तरी ती 'उरी ऑम्मा'. पत्नी पतीचा उल्लेख 'उरी नाम्प्यॉन' असा करिते. हें ऐकून इंग्रज गोंधळेल; परंतु ज्यांच्या घरीं 'आमचे हे' हा प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या ऐकूं आला, त्यांना त्यांत कांहींच चमत्कारिक वाटूं नये.

आंकड्यांच्या दोन माळा शिकाव्या लागतात. 'हाना, दूल, सेत, नेत, दासॉत' ही देशी माळ; 'इल, ई, साम, सा, ओ' ही चिनी मुळाची. वस्तू आणि वय देशी आंकड्यांनीं मोजतात. पैसे आणि तारखा चिनी आंकड्यांनीं. घड्याळांत तर दोन्ही एकत्र येतात. तास देशी आणि मिनिटें चिनी. म्हणून साडेतीन म्हणजे 'से शी साम्शिप बुन'. चिनी मालेंतील 'सा' म्हणजे चार; मृत्युवाचक शब्दाचा उच्चारहि तसाच असल्यामुळें अनेक इमारतींच्या पाळण्यांत चौथ्या मजल्यापुढें आंकड्याऐवजीं इंग्रजी 'एफ' हें अक्षर आढळतें.

इतक्या अडचणी सांगितल्या, तेव्हां सोयहि सांगितली पाहिजे. वाक्यरचनेंत मराठी माणसाला फारसे कष्ट नाहींत. क्रियापद शेवटीं येतें आणि विभक्तीचे प्रत्यय नामाच्या मागून लागतात. 'जिप' म्हणजे घर. त्याला 'ए' लावून 'जिबे गायो' म्हटलें कीं 'घरीं जातो' हा अर्थ झाला. क्रियापदाला लिंग नाहीं, वचनाचा जाच नाहीं. 'गायो' म्हणजे जातो, जाते, जातात, सर्व कांहीं. अखेरचा 'यो' मात्र गाळूं नये. तो सभ्यतेचा आहे. तो गळला कीं बोलणें एकदम अरेतुरेवर येतें.

हे शब्द लिहिण्याची लिपीहि लवकर साधते. राजा सेजोंग यानें ती १४४३ सालीं सिद्ध केली आणि १४४६ सालीं प्रसिद्ध केली. चिनी लिपी शिकणें सामान्य जनांस अशक्य होतें, त्यांना आपलें मनोगत लिहितां यावें हा त्याचा हेतु होता. आज तिचीं मूळ अक्षरें २४ आहेत. पुढें १९१० पासून १९४५ पर्यंत कोरियावर जपानचें राज्य होतें. अखेरच्या काळांत शाळांतून कोरियन भाषा हद्दपार झाली. शब्दकोश रचीत असलेल्या विद्वानांना १९४२ सालीं अटक झाली. दोघे तुरुंगांतच वारले. आणि कोशाचें हस्तलिखित पुरावा म्हणून जप्त झालें. राज्य संपल्यावर सप्टेंबर १९४५ मध्यें तें सोलच्या रेल्वे स्थानकाच्या वखारींत सांपडलें. त्याचा पहिला खंड १९४७ सालीं आणि सहावा व अखेरचा १९५७ सालीं निघाला.

त्या हस्तलिखितांत होतें तरी काय? भात, घर, आई, चंद्र, 'जेवलात का', हेच रोजचे शब्द. त्यांच्यासाठीं माणसांनीं तुरुंग सोसला. नवशिक्यानें ते जिभेवर घेतांना एवढें ध्यानांत ठेवावें, आणि अखेरचा 'यो' विसरूं नये.