पंधरा दिवसांचा अहवाल

कोल्हापूर प्रकरणातील शिक्षेचे १०१ दिवस टिळक आणि आगरकर यांनी १८८२ साली डोंगरीच्या ज्या तुरुंगात काढले, मुंबईतील त्याच उमरखाडीच्या वास्तूत आज मुलांचे निरीक्षणगृह आहे; १९२४ च्या मुंबई बालक अधिनियमानंतर १९२७ साली स्थापन झालेली चिल्ड्रन्स एड सोसायटी ते चालवीत आली. संपादकांनी मला धाडले ते या वास्तूचा इतिहास लिहिण्यासाठी. परंतु माझे मन गुंतले ते तेथील एका परिवीक्षा अधिकारी बाईंच्या टेबलावरील एका छापील नमुन्यात.

सामाजिक तपास अहवालाचा तो नमुना. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे मूल बाल न्याय मंडळापुढे प्रथम हजर झाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत त्याच्या घराची, शाळेची, संगतीची, आजाराची, व्यसनाची आणि त्याने सोसलेल्या अत्याचाराची हकिकत दप्तरी दाखल व्हावी लागते. पोलिसांच्या कागदांत गुन्हा असतो. मूल प्रथम दिसते ते या अहवालात.

मुलाशी बोलताना त्रयस्थाने बसू नये हा तेथील दंडक योग्यच असल्याने मी बाहेर थांबलो. बाईंनी आपली पद्धत नंतर सांगितली. पहिल्या भेटीत त्या गुन्ह्याची गोष्ट काढीतच नाहीत. झोप लागते का, जेवण जाते का, घरून भेटायला कोण येणार आहे, एवढेच विचारतात. कोणी रात्री दचकून उठतो, कोणी “मॅडम, घरी कधी सोडणार?” हे एकच पालुपद धरतो, कोणी चार-चार दिवस तोंड उघडीत नाही, आणि भयाने आलेले हे मौन जर उद्धटपणा म्हणून नोंदले गेले, तर पुढचे सारे हुकूम त्या एका शेऱ्याच्या आधाराने होत जातात. म्हणून “उत्तर देत नाही” असे त्या कधीच लिहीत नाहीत. मूल कोणत्या प्रश्नापर्यंत बोलले आणि कोणत्या प्रश्नाशी थांबले, ते लिहितात. मानसोपचाराची सुरुवात इतक्या साध्या प्रामाणिकपणातून होऊ शकते, हे मला तेथे उमगले.

मंडळाने उंच आसनावर बसू नये, समोर साक्षीदाराचा पिंजरा नसावा, असे त्या अधिनियमाखालील २०१६ चे नियम सांगतात, आणि ते दूरदृष्टीचे आहेत. परंतु खरी अडचण पुढेच आहे. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर घृणास्पद अपराधाचा आरोप असेल, तर त्याच्या मानसिक क्षमतेचे प्राथमिक मूल्यांकन तीन महिन्यांत उरकावे लागते, आणि मंडळात बालमानसशास्त्र जाणणारा सदस्य नसल्यास तज्ज्ञाचे साहाय्य घेतलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावले. मात्र ती भेट उपचारासाठी नसते; ज्याच्यापुढे मन मोकळे करावे त्याच्याच कागदामुळे आपला खटला प्रौढाप्रमाणे चालू शकतो, हे ध्यानात येताच मूल पुन्हा मिटते.

गुन्ह्याचा आरोप नसलेल्या, पण बालकल्याण समितीमार्फत परक्या कुटुंबात सांभाळायला दिलेल्या, किंवा बालसंगोपन योजनेखाली नातलगांकडे वाढणाऱ्या मुलांना तर असे मूल्यांकनही वाट्यास येत नाही. योजनेचे दरमहा २,२५० रुपये वह्या-गणवेशात संपतात, त्यातून समुपदेशन कोठून व्हावे? घर बदलले, अधिकारी बदलले, की आई कशी गेली हे त्या मुलाने नव्या माणसाला आरंभापासून सांगावयाचे.

मूल्यांकन करणारा आणि उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ एक असू नये. उपचार करणाऱ्याचे दप्तर कोणत्याही मंडळाने मागवू नये, आणि मूल ज्या घरी जाईल तेथे त्याच माणसाने त्याच्याकडे जात राहावे, एवढी तजवीज शासनाने आगामी अंदाजपत्रकात करावी.