दूरध्वनी सर्व्हर सुरू होताना हार्डवेअर ड्रायव्हर आपोआप लोड होण्याची प्रक्रिया : ॲस्टरिस्क व दाहदी यांच्या संदर्भात

प्रस्तावना :

एका महाविद्यालयात जुन्या ईपीएबीएक्स यंत्राच्या जागी संगणकावर चालणारे एक्स्चेंज बसविण्यात आले होते. परीक्षेच्या दिवसांत एका रात्री वीज गेली. यूपीएसची बॅटरी मध्यरात्रीनंतर संपली आणि पहाटे वीज आल्यावर संगणक आपोआप सुरू झाला. पडद्यावर लॉगिनची ओळ दिसत होती. विभागाविभागांतील अंतर्गत आयपी फोन एकमेकांशी व्यवस्थित बोलत होते. मात्र बाहेरचा एकही फोन लागत नव्हता आणि बाहेरून एकही फोन आत येत नव्हता. अंतर्गत फोन चालू असल्यामुळे दोष दूरध्वनी कंपनीच्या लाईनमध्येच असणार असे सर्वांनी गृहीत धरले, तशी रीतसर तक्रारही नोंदविली. दुपारी एक्स्चेंज बसविणारा तंत्रज्ञ आला. त्याने तीन आज्ञा टंकलिखित केल्या आणि दोन मिनिटांत सर्व काही सुरळीत झाले. पुढच्या वेळी वीज गेली तेव्हा पुन्हा तोच प्रकार घडला.

प्रस्तुत लेखकाने ही घटना जवळून पाहिली आहे. त्या तीन आज्ञा कोणत्या होत्या आणि जे काम माणसाने दोन मिनिटांत केले ते संगणकाने स्वतःहून का केले नाही, या प्रश्नाचे उत्तर शोधणे हा या लेखाचा उद्देश होय. संगणकशास्त्राबाहेरील प्राध्यापकांनाही हा विषय परका वाटू नये, कारण महाविद्यालयाच्या दूरध्वनी-व्यवस्थेची जबाबदारी बहुधा एखाद्या समितीकडे असते आणि त्या समितीवर आपल्यापैकीच कोणीतरी असतो.

ड्रायव्हरचे महत्त्व येथे अधिक का ?

ॲस्टरिस्क हे मुक्तस्रोत दूरध्वनी एक्स्चेंज मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये अमेरिकेतील अलाबामा राज्यात विकसित करण्यास प्रारंभ केला. त्याच सुमारास जिम डिक्सन यांनी एक वेगळा विचार मांडला होता. दूरध्वनीच्या कार्डावर ध्वनिप्रक्रियेसाठी महागडी स्वतंत्र चिप बसविण्याऐवजी कार्ड शक्य तितके साधे ठेवावे आणि प्रक्रियेचे काम संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर सोपवावे, असा तो विचार होय. मेक्सिकोचे क्रांतिकारक एमिलियानो झापाटा यांच्या नावावरून त्यांनी या प्रकल्पाला 'झापाटा' हे नाव दिले. स्पेन्सर यांची डिजियम कंपनी आणि डिक्सन यांचा विचार एकत्र आले आणि त्यातून 'झॅपटेल' हा ड्रायव्हर-संच प्रचारात आला. हे नाव व्यापारचिन्ह म्हणून दुसऱ्या एका कंपनीकडे असल्यामुळे २००८ मध्ये ते बदलून 'दाहदी' असे करण्यात आले. पुढे २०१८ मध्ये डिजियम ही कंपनी सँगोमाने विकत घेतली.

या इतिहासाचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. कार्ड साधे ठेवले म्हणजे त्याचे शहाणपण ड्रायव्हरमध्ये आले. दूरध्वनीवरील आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतले जातात. दाहदी ते आठ-आठ नमुन्यांच्या तुकड्यांत, म्हणजे सेकंदाला १००० वेळा, हाताळते. प्रतिध्वनी नाहीसा करण्याचे कामही पुष्कळदा याच थरात होते. त्यामुळे छपाईयंत्राचा ड्रायव्हर नसेल तर केवळ छपाई अडते, परंतु दाहदीचा ड्रायव्हर लोड झाला नसेल तर ते कार्ड म्हणजे नुसता पत्रा आणि तारा. बाहेरची लाईन संगणकाच्या मागील खाचेपर्यंत आलेली असते, पण एक्स्चेंजच्या दृष्टीने ती अस्तित्वातच नसते.

कार्ड ओळखण्याची लिनक्सची पद्धत आणि तिला घातलेला अटकाव :

प्रत्येक पीसीआय कार्डामध्ये उत्पादकाचा एक आणि उपकरणाचा एक असे क्रमांक कोरलेले असतात. डिजियमचा उत्पादक-क्रमांक षोडशमान पद्धतीत 'डी१६१' असा आहे. रोमन लिपीत तो कंपनीच्या नावाच्या पहिल्या चार अक्षरांसारखा दिसतो, हा गमतीचा भाग. संगणक सुरू होताना लिनक्सचे कर्नेल हे क्रमांक वाचते आणि 'यूडेव्ह' या सेवेला कळविते. यूडेव्ह 'मॉडप्रोब' या आज्ञेस बोलाविते आणि मॉडप्रोब आधीच तयार असलेल्या एका यादीत पाहून त्या क्रमांकाचा ड्रायव्हर लोड करते. नेटवर्क कार्ड, ध्वनी कार्ड, पेन ड्राईव्ह ही सर्व उपकरणे याच मार्गाने चालू होतात.

मग दूरध्वनी कार्डाचे घोडे कोठे अडते ? येथे वाचकाला आश्चर्य वाटेल अशी गोष्ट आहे. दाहदीच्या रचनाकारांनी स्वतःच हा मार्ग बंद करून ठेवला आहे. दाहदी स्थापित करताना मॉडप्रोबच्या फोल्डरमध्ये एक निषिद्ध-सूची ठेवली जाते आणि तीत दाहदीचे कार्ड-ड्रायव्हर नोंदविलेले असतात. या सूचीचा अर्थ एवढाच की, कार्ड दिसले म्हणून ड्रायव्हर आपोआप लोड करू नये. नाव घेऊन आज्ञा दिल्यास तो लोड होतो. म्हणूनच आमच्या तंत्रज्ञाची पहिली आज्ञा यशस्वी झाली.

आपोआप होणारे काम मुद्दाम थांबविण्याचे कारण चॅनेलच्या क्रमांकांत आहे. नेटवर्क कार्ड आधी सापडले की नंतर, याने संदेश पोहोचण्यात फरक पडत नाही. दाहदीत मात्र ड्रायव्हर ज्या क्रमाने लोड होतील त्या क्रमाने चॅनेलना क्रमांक मिळतात. समजा, एका संगणकात दोन कार्डे आहेत. एक ई-१ प्रकारच्या पीआरआय लाईनचे आणि दुसरे साध्या चार लाईनींचे. पीआरआय कार्डाचा ड्रायव्हर आधी लोड झाला तर त्याला १ ते ३१ हे क्रमांक मिळतील. त्यांपैकी सोळावा चॅनेल संकेतवहनासाठी आणि उरलेले ३० संभाषणासाठी. साध्या लाईनी ३२ ते ३५ होतील. याउलट साध्या कार्डाचा ड्रायव्हर आधी लोड झाला तर त्या लाईनी १ ते ४ होतील आणि पीआरआयचे चॅनेल ५ ते ३५ असे सरकतील. मांडणीच्या फाईलमध्ये मात्र सोळावा चॅनेल संकेतवहनाचा असे लिहिलेले असते. आता तेथे एक संभाषणाचा चॅनेल बसलेला आहे. परिणामी मांडणी लागू करणारी आज्ञा त्रुटी दाखवून थांबते. दोन्ही कार्डे निर्दोष, दोन्ही ड्रायव्हर लोड झालेले, तरीही एक्स्चेंज मुके.

कर्नेलच्या स्वयंचलित पद्धतीत असा क्रम प्रत्येक वेळी तोच राहील याची हमी नसते. म्हणून निषिद्ध-सूचीने ती पद्धत रोखून, दाहदीच्या स्वतःच्या आरंभ-लिपीकडे हे काम सोपविण्यात आले. ही लिपी ईटीसी फोल्डरातील दाहदी या उपफोल्डरात असलेली 'मॉड्यूल्स' ही फाईल वाचते, तीत ओळीने लिहिलेले ड्रायव्हर त्याच क्रमाने लोड करते आणि नंतर 'दाहदी-सीएफजी' ही आज्ञा चालवून मांडणी लागू करते. स्थापनेच्या वेळी या फाईलमध्ये अनेक ड्रायव्हरांची नावे असतात. आपल्याकडे नसलेल्या कार्डांच्या ओळींपुढे निष्क्रियतेचे चिन्ह घालून उरलेल्यांचा क्रम विचारपूर्वक ठरविणे इष्ट होय. पुढील आवृत्त्यांत स्पॅनचा क्रमांक कार्डाशी कायमचा बांधून ठेवण्याची सोयही करण्यात आली. ती अधिक सुरक्षित असली तरी ती वापरण्यासाठी वेगळी मांडणी करावी लागते.

निषिद्ध-सूचीचे आणखी एक कारण आहे. डिजियमच्या काही जुन्या कार्डांवर टायगरजेट या कंपनीची चिप होती. तीच चिप काही आयएसडीएन कार्डांवरही असल्यामुळे कर्नेलमधील 'नेटजेट' हा ड्रायव्हर त्या कार्डावर आपला हक्क सांगत असे. एकदा त्याने कार्ड धरले की दाहदीच्या ड्रायव्हरला ते मिळत नसे.

भारतीय लाईनींसाठी द्यावयाच्या सूचना :

ड्रायव्हर लोड होताना त्याला काही सूचना द्याव्या लागतात आणि त्या हाताने देऊन भागत नाही. डिजियमची अनेक बहुउद्देशी डिजिटल कार्डे स्वाभाविकपणे अमेरिकेतील टी-१ पद्धतीत, म्हणजे २४ चॅनेल धरून, सुरू होतात. भारतात ई-१ पद्धत आहे. कार्डावरील जंपर बसविला नसेल तर ही गोष्ट मॉडप्रोबच्या फोल्डरमधील फाईलमध्ये लिहावी लागते. साध्या लाईनीच्या कार्डासाठी विद्युत-मापदंडांचा देश 'इंडिया' असा देता येतो, तर डायल टोन, एंगेज टोन यांचे भारतीय सूर मांडणीच्या फाईलमध्ये 'आयएन' हा विभाग निवडल्यावर मिळतात. बसविणाऱ्याने पहिल्या दिवशी ही सूचना आज्ञेसोबत टंकलिखित केली आणि फाईलमध्ये नोंदविली नाही, तर पहिल्या दिवशी सर्व चालते आणि पहिल्या वीजखंडानंतर तेच कार्ड २४ चॅनेलचे होऊन बसते.

ड्रायव्हर आधी, एक्स्चेंज नंतर :

तंत्रज्ञाच्या तीन आज्ञांचा उलगडा आता होतो. पहिलीने ड्रायव्हर लोड केला, दुसरीने मांडणी लागू केली, तिसरीने ॲस्टरिस्क पुन्हा सुरू केले. तिसरीची आवश्यकता अशी की ॲस्टरिस्क सुरू होताना चॅनेल उघडून पाहते. ते सापडले नाहीत तर दाहदीशी संबंधित भाग बाजूला पडतो आणि उरलेले एक्स्चेंज निमूटपणे चालू राहते. अंतर्गत आयपी फोन म्हणूनच बोलत होते. अर्धवट चालणारी यंत्रणा पूर्ण बंद पडलेल्या यंत्रणेपेक्षा अधिक दिशाभूल करते, असे माझे मत या प्रसंगानंतर झाले आहे.

जुन्या लिनक्स वितरणांत सेवांना क्रमांक दिलेले असत व लहान क्रमांकाची सेवा आधी सुरू होई. दाहदीचा क्रमांक ॲस्टरिस्कच्या आधीचा ठेवलेला असे. फक्त स्थापनेच्या शेवटी ही सेवा आरंभ-सूचीत नोंदविण्याची एक स्वतंत्र पायरी होती. आमच्या तंत्रज्ञाने नेमकी तीच गाळली होती. २०१० नंतर 'सिस्टिमडी' ही पद्धत आली आणि तीत सेवा शक्य तेथे एकाच वेळी सुरू केल्या जातात. येथे पुष्कळांची एक गल्लत होते. ॲस्टरिस्कला दाहदी हवे, असे लिहिल्याने दाहदी सुरू होते, पण आधी सुरू होतेच असे नाही. 'हवे' आणि 'नंतर' या दोन वेगळ्या नोंदी आहेत व दोन्ही कराव्या लागतात. याशिवाय ॲस्टरिस्क ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालते त्याला चॅनेलच्या फाईली उघडण्याचा अधिकार हवा. हा अधिकार यूडेव्हच्या नियमांतून मिळतो. तंत्रज्ञ मात्र चाचणी सर्वाधिकारी म्हणून करतो, त्यामुळे ही उणीव त्याला दिसत नाही.

दुसऱ्या प्रसंगानंतर तंत्रज्ञाने त्या तिन्ही आज्ञा आरंभक्रमाच्या अगदी शेवटी चालणाऱ्या 'आरसी-लोकल' या फाईलमध्ये टाकून दिल्या. आपल्याकडे सर्रास आढळणारा हा उपाय आहे आणि तो काही काळ चाललाही. परंतु अशा फाईलमधील पहिली आज्ञा फसली तरी दुसरी व तिसरी चालतच राहतात आणि कोणालाही कळत नाही. उन्हाळ्याच्या सुटीत कोणीतरी त्या संगणकाचे सुरक्षा-अद्ययावतीकरण केले. त्यासोबत नवे कर्नेल आले. दाहदीचे ड्रायव्हर कर्नेलच्या मूळ संचात नसतात, ते वेगळे तयार करून त्या विशिष्ट कर्नेलच्या फोल्डरात ठेवलेले असतात. नव्या कर्नेलचा फोल्डर या बाबतीत रिकामा होता. मात्र जुने कर्नेल स्मृतीत चालू असल्यामुळे अद्ययावतीकरणानंतर काहीच बिघडले नाही. बिघाड दिसला तो जुलैमध्ये, पावसात वीज गेल्यावर, प्रवेशप्रक्रिया ऐन भरात असताना. दरम्यान दोन महिने उलटले होते आणि या दोन घटनांचा संबंध जोडण्यास कोणाला सुचले नाही. या वेळी त्या तीन आज्ञाही उपयोगी पडल्या नाहीत, ड्रायव्हर नव्याने तयार करावे लागले. 'डीकेएमएस' या व्यवस्थेत नवे कर्नेल आले की ड्रायव्हर पुन्हा तयार करण्याचे काम आपोआप होते. अलीकडच्या यंत्रांत 'सिक्युअर बूट' चालू असेल तर असा घरी तयार केलेला ड्रायव्हर स्वाक्षरीअभावी नाकारला जाऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे लागते.

पडताळणी :

वरील सर्व व्यवस्था केल्यानंतर ती खरोखर चालते की नाही हे पाहण्याचा एकच विश्वसनीय मार्ग आहे. एखाद्या रविवारी, पूर्वसूचना देऊन, संगणक रीतसर बंद करावा, मुख्य कळ बंद करून पाच मिनिटांनी वीज द्यावी व कीबोर्डला हात न लावता वाट पाहावी. केवळ पुन्हा सुरू करण्याची आज्ञा देणे पुरेसे नाही. यूएसबीने जोडलेल्या व स्वतंत्र वीजपुरवठा असलेल्या उपकरणांत फर्मवेअर तसेच टिकून राहते आणि खऱ्या वीजखंडात लागणारा विलंब चाचणीत दिसतच नाही. यंत्र सुरू झाल्यावर आधी बाहेरचा एक भ्रमणध्वनी घेऊन महाविद्यालयाचा क्रमांक लावावा, नंतर आतून बाहेर लावावा. त्यानंतरच पडद्यावर स्पॅनची यादी पाहावी, कारण यादी हिरवी दिसल्यावर फोन लावून पाहण्याचा आळस होतो, हा अनुभव आहे. कर्नेलच्या प्रत्येक अद्ययावतीकरणानंतर हीच चाचणी त्याच आठवड्यात पुन्हा करावी.

आमच्या महाविद्यालयात आता सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटविलेला आहे. त्यावर कार्डांची नावे, त्यांच्या ड्रायव्हरांचा क्रम, चॅनेलचे क्रमांक, चालू कर्नेलची आवृत्ती आणि शेवटच्या चाचणीची तारीख एवढेच लिहिलेले असते. कपाटाची एक किल्ली रात्रपाळीच्या पहारेकऱ्याकडे असते.