काट्यावर टाकण्याआधी पहिलं पान बघा

पावसाळ्याआधी माळे आवरायला घेतले की भंगारवाल्याची हाक हटकून येते. आमच्या टेमघर-भिवंडीकडे जुनी घरं पाडून नवी बांधायची घाई आहे, तिथे तर ट्रंकाच्या ट्रंका रिकाम्या होतात. तांब्याचा हंडा आपण दर विचारून देतो. पुस्तकं मात्र न उघडता काट्यावर जातात. त्यात काय जाऊ शकतं, ते आज सांगतो.

इंग्रजी राज्यात शाळा-कॉलेजं निघाली, तशा युरोपातल्या कविता आपल्याकडच्या शिकलेल्या माणसांच्या वाचनात आल्या. काहींनी त्या मराठीत आणल्या. विष्णु मोरेश्वर महाजनी हे त्यातले एक. वऱ्हाडात शिक्षणखात्यात त्यांची नोकरी झाली. शेक्सपिअरची नाटकं त्यांनी मराठीत आणलीच, पण इंग्रजी कवितांच्या भाषांतरांचा ‘कुसुमांजलि’ नावाचा संग्रहही केला. १९०७ साली पुण्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

हे काम सोपं नव्हे. आपल्या जात्यावरच्या ओवीत कुणी परदेशातलं लग्नाचं गाणं बसवायला सांगितलं तर? तिकडचं बर्फ, तिकडची फुलं, तिकडच्या रीती, सगळं आपल्या चालीत यायला हवं आणि ऐकणारीला कळायलाही हवं. काही ठिकाणी ते जमतं, काही ठिकाणी ओढाताण होते.

आम्हाला जास्त ओढ आहे ती दुसऱ्या एका पुस्तकाची. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे शस्त्रवैद्य आणि वनस्पतींचे मोठे अभ्यासक. औषधी वनस्पतींवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ आजही नावाजलेला आहे. या डॉक्टरांनी १८८४ मध्ये ‘इंदिरा’ नावाचं काव्य छापलं. ते टेनिसन या इंग्रज कवीच्या १८४७ च्या एका दीर्घ कवितेवरून केलेलं.

त्या मूळ कवितेची गोष्ट ऐका. एका राजकन्येचं लग्न लहानपणीच ठरवून टाकलेलं असतं. मोठी झाल्यावर ती ते मानत नाही. ती फक्त बायकांसाठी विद्यापीठ काढते. पुरुषानं आत पाऊल टाकलं तर मरणाची शिक्षा! ठरलेला नवरा दोन मित्रांसह बाईचा वेष घेऊन आत शिरतो आणि पकडला जातो. पुढे लढाई होते, तो जखमी होतो, विद्यापीठाचं रुग्णालय होतं आणि त्याची शुश्रूषा करता करता राजकन्येचं मन वळतं. शेवट आम्हाला पटत नाही, हे सांगूनच टाकतो. शिकायला निघालेली बाई अखेर सेवेलाच लावली!

पण काळ बघा. टेनिसननं कल्पना केली १८४७ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी सावित्रीबाई-जोतिरावांनी पुण्यात मुलींची खरी शाळा काढली. ‘इंदिरा’ निघाली त्याच १८८४ मध्ये पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा सुरू झाली. आपल्या शेजारच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी तेव्हा अमेरिकेत डॉक्टरकी शिकत होत्या. बाईनं किती शिकावं यावर घराघरात भांडणं चालू होती, त्या दिवसांतलं हे पुस्तक. असं एखादं पुस्तक कुणाच्या पणजीच्या ट्रंकेत असू शकतं. ते रद्दीत गेलं तर तशी दुसरी प्रत शोधणं फार कठीण.

मग ओळखायचं कसं? पहिलं पान उघडा. लेखक, छापखाना आणि साल तिथे असतं. जुन्या पुस्तकांवर पुष्कळदा शक दिलेला असतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन साधारण कळतं. शके १८०६ म्हणजे १८८४. पहिलं पान फाटलेलं असलं तरी आतली प्रस्तावना बघा. कोपऱ्यात कुणा बाईचं नाव लिहिलेलं दिसलं तर ते खोडू नका, त्यालाही मोल आहे.

पुस्तक ओलसर असेल तर कडक उन्हात टाकू नका, पानं कडक होऊन तुटतात. सावलीत, वाऱ्यावर उभं ठेवा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक पिवळा पडतो आणि कागद खातो. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलं की पावसाळ्यात आत बुरशी धरते, म्हणून धुतलेल्या कोरड्या सुती फडक्यात गुंडाळा आणि भिंतीला न टेकवता ठेवा.

दाखवायचं कुठे? ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचं आहे, आपल्याला तेच जवळ. जाताना पुस्तक हातात न नेता आधी पहिल्या पानाचा मोबाइलवर फोटो नेला तरी चालेल. किंमत किती येईल, हे आम्हाला बैठकीत हमखास विचारतात. मोठ्या रकमेची आशा धरू नका, पण दारावर आलेल्याला घाईनं देऊही नका.

आणखी एक. लेखक वारल्यावर साठ वर्षं उलटली की त्याचं लेखन सगळ्यांसाठी मोकळं होतं. कीर्तिकर १९१७ मध्ये गेले, महाजनी १९२३ मध्ये. तेव्हा अशी प्रत सापडली तर पानांचे फोटो काढून गटाच्या बैठकीत खुशाल मोठ्यानं वाचा. भाषा जुनी, संस्कृत शब्दांची असेल. गटातल्या एखाद्या आजीला जवळ बसवा, पोथ्या ऐकलेल्या असल्यानं तिला ती आपल्यापेक्षा लवकर लागेल.