हिमोग्लोबिन : आकडा आणि घडण

रक्ततपासणीचा अहवाल हाती पडताच नातेवाइकांची दृष्टी प्रथम हिमोग्लोबिनच्या आकड्याकडे जाते. दर 100 मिलिलिटर रक्तात प्रौढ पुरुषांमध्ये 13 ग्रॅमपेक्षा आणि गर्भवती नसलेल्या स्त्रियांमध्ये 12 ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असल्यास रक्तक्षय समजला जातो. परंतु विदर्भात केवळ आकडा पाहून भागत नाही. ताळेबंदाची बेरीज जुळली तरी आतील नोंदी तपासाव्याच लागतात, तसेच येथे आहे.

हिमोग्लोबिन हे तांबड्या रक्तपेशींतील प्रथिन होय. त्यात दोन अल्फा व दोन बीटा अशा चार साखळ्या असतात. प्रत्येक साखळीत ‘हीम’ नावाचा घटक व त्याच्या मध्यभागी लोहाचा एक अणू असतो. फुप्फुसांत हे लोह प्राणवायू धरून ठेवते व शरीराच्या पेशींजवळ तो सोडते. परतताना हिमोग्लोबिन काही कार्बन डायऑक्साइडही वाहून आणते. रक्ताचा लाल रंग याच हीममुळे असतो.

बीटा साखळीत 146 अमिनो आम्ले असतात. त्यांपैकी सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले, की ‘हिमोग्लोबिन एस’ तयार होते. प्राणवायू सुटल्यावर त्याचे रेणू एकमेकांस चिकटतात आणि रक्तपेशी विळ्यासारखी वाकते. हाच सिकलसेल आजार. अशा पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकून तीव्र वेदना होतात. निरोगी रक्तपेशी सुमारे 120 दिवस जगते. ही मात्र 10 ते 20 दिवसांतच नष्ट होते. म्हणून रक्तक्षय कायम राहतो. त्याचे मूळ लोहाच्या कमतरतेत नसल्याने केवळ लोहाच्या गोळ्यांनी तो बरा होत नाही.

नागपूरशी या विषयाचा संबंध जुना आहे. मध्य भारतातील सिकलसेलविषयी डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांचा शोधनिबंध 1958 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्व विदर्भात हा दोष आजही अनेक कुटुंबांत आढळतो.

आईवडिलांपैकी एकाकडूनच हा दोष आलेली व्यक्ती ‘वाहक’ असते. तिची प्रकृती सहसा उत्तम असते व हिमोग्लोबिनचा आकडाही योग्य भरतो, त्यामुळे साध्या तपासणीत काहीच कळत नाही. दोन वाहकांचा विवाह झाल्यास मात्र प्रत्येक गर्भधारणेत अपत्य आजारी असण्याची शक्यता 25 टक्के व वाहक असण्याची 50 टक्के असते. प्राथमिक विद्राव्यता चाचणीनंतर इलेक्ट्रोफोरेसिस अथवा एचपीएलसी तपासणीने निश्चित निदान होते. वाहक असणे हा आजारही नव्हे आणि कलंकही नव्हे; ते वेळीच ठाऊक असणे मात्र आवश्यक आहे.

1 जुलै 2023 रोजी केंद्र शासनाने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले असून त्यासाठी 2047 सालाचे उद्दिष्ट ठेवले आहे. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनेचे झटके कमी होतात; अनेकांना वेळोवेळी रक्तही द्यावे लागते. म्हणून देणगीदारांनी आर्थिक साहाय्याबरोबरच नियमित रक्तदान करावे आणि कुटुंबीयांनी विवाह ठरविण्यापूर्वी मुलामुलींची तपासणी करून घ्यावी, ही नम्र विनंती.